पहिल्या धुराला नमस्कार

पूर्वी चंपा नगरीत एक राजा राज्य करीत होता. त्याचं नाव राहू द्या, गोष्टीला ते लागत नाही. त्या वेळी बोधिसत्त्व एका गाडीवानाच्या घरी जन्मला होता आणि तांड्यासोबत दूरदेशी मीठ वाहून नेत असे.

एका हिवाळ्यात नदी उतरताना त्याची गाडी कलंडली. गाडीत तिंदुक नावाचा सोबती, त्याची बायको कुसुंभा आणि त्यांचं तान्हं बाळ होतं. माणसं वाचली, पण विस्तवाचं मडकं वाहून गेलं आणि बोधिसत्त्वाचा उजवा हात खांद्यातून निखळला. तांडा पुढे निघून गेला होता. बैलावर बसून त्याला तांडा गाठता आला असता, वाचलेल्या गोणींतलं मीठ बाजारात वेळेवर पोचवता आलं असतं. पण बाळ गारठून निळं पडत चाललं होतं, रडायचंही थांबलं होतं. बोधिसत्त्व थांबला.

कपारीत कोरडं लाकूड मिळालं. तिंदुकानं पांगाऱ्याच्या फळीला खाच पाडली. वाकड्या काठीला चामड्याची वादी बांधून धनुकली केली. वादीचा वेढा एका सरळ दांड्याला दिला, दांडा खाचेवर उभा धरून वरून खोलगट दगडानं दाबला आणि धनुकली मागंपुढं ओढू लागला. खाचेत काळा भुगा साचला. धुराची बारीक रेघ निघाली.

तोच तिंदुकानं सगळं सोडून हात जोडले. दांडा घरंगळला. धूर विरला.

"अरे, थांबू नकोस," बोधिसत्त्व म्हणाला. "भुग्यात निखारा धरेपर्यंत ओढत राहायचं."

"हो दादा."

पुन्हा ओढलं, पुन्हा धूर आला, पुन्हा हात जोडले.

"तिंदुका!"

"चुकलं, दादा."

आणि चुकलं म्हणून परत तेच.

"अहो, देव पळून चाललाय का तुमचा?" कुसुंभा ओरडली. "पोर गार पडतंय आणि हे नमस्कार घालतायत!"

"तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

बोधिसत्त्वाच्याही डोक्यात तिडीक गेली. ओणवं व्हायला जावं तर डोळ्यांपुढे अंधारी येत होती, नाहीतर त्यानं धनुकली हिसकावूनच घेतली असती. "बैलसुद्धा एवढं सांगितल्यावर ऐकतो," हे शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात त्याला तिंदुकाचे तळवे दिसले. फोड फुटून सोलले होते. एवढं करणारा माणूस मुद्दाम कशाला थांबेल?

"तिंदुका, हात का जोडतोस रे?"

तिंदुकानं घरंगळलेला दांडा उचलला. मग खाली बघत म्हणाला, "आमच्यात पहिल्या धुराला हात जोडतात. नाही जोडले तर अग्नी घरातलं सगळ्यात लहान माणूस नेतो."

कुसुंभेनं बाळाला आणखी जवळ घेतलं.

हे खरं की खोटं, यावर वाद घालायला वेळ नव्हता. बोधिसत्त्वानं विचारलं, "ते तूच जोडायला हवेत का?"

"घरातलं कुणीही चालतं. पण हिचा एक हात पोराखाली, तुमचा एक निकामी. जोडणार कोण?"

"आज इथं आहोत तेवढं घर," बोधिसत्त्व म्हणाला आणि कुसुंभेशेजारी बसला. "बाई, मोकळा हात पुढे कर."

तिंदुक ओढू लागला. धूर आला. बोधिसत्त्वानं आपला डावा तळवा कुसुंभेच्या उजव्या तळव्याला लावला. तिंदुकानं एकवार वळून ते जोडलेले हात पाहिले. धनुकली थांबली नाही.

धूर दाटला. भुगा लाल झाला. सुक्या गवतात घेऊन तिंदुकानं हळू फुंकर घातली आणि जाळ झाला. बाळाला शेकलं. बऱ्याच वेळानं ते रडलं, आणि मग रडायचं थांबेना.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही गोष्ट विहारात एका भिक्षूला सांगितली. कितीही शिकवलं तरी शिष्याला समजत नाही, म्हणून तो वैतागून आला होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा तिंदुक म्हणजे तुझा तो शिष्य. कुसुंभा म्हणजे विहाराला पेज आणून देणारी उपासिका. गाडीवान मीच होतो."

"आणि ते बाळ, भन्ते?"

"ते तू."

भिक्षू उठला आणि शिष्याला शोधायला गेला.

बोधिसत्त्वानं त्या जन्मी जी सहनशीलता पाळली, तिला क्षांती म्हणतात.