चारशे बारा मेहुणे

हे मी सांगायचं नव्हतं. सुगंधाताईनं माझ्या केसांना तेल लावता लावता सांगितलं आणि लगेच दम भरला, "कोणाजवळ बोलशील तर बघ." मी कोणाजवळ बोललेली नाही. फक्त लिहिते आहे.

"...आणि यातले मेहुणे किती?" लहानूआजानं विचारलं.

सुगंधाला प्रश्नच कळला नाही.

लहानूआजा म्हणजे आमच्या कातकरवाडीतला, कड्यावरून मध उतरवणारा शेवटचा माणूस. त्या सकाळी तो वाडीमागच्या खडकावर नवा दोर वळत बसला होता. सुगंधा विद्यापीठातून आली होती. वाडीतून पीएच.डी.पर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिच्या मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा होता. आदिवासींबद्दल लोकांना काय वाटतं, आणि वेळ आली तर त्यांच्या बाजूनं कोण उभं राहील, हे तिनं तालुक्याच्या गावात दारोदार फिरून विचारलं होतं.

"चारशे बारा माणसं, आजा! त्यातली तीनशे ऐंशी म्हणतात, आम्ही आदिवासींच्या बाजूनं उभे राहू. मेहुण्यांचा इथं काय संबंध?"

"कड्यावर माझा दोर मेहुणाच धरतो. त्याचा हात सुटला तर त्याचीच बहीण विधवा होते. म्हणून त्याच्या तळव्याला घाम येतो."

"फॉर्मात घामाचा रकाना नसतो," सुगंधा हसून म्हणाली.

आजा हसला नाही. त्यानं तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट केलं.

"वाच."

"सुगंधा. संशोधक."

"हिलम कुठं गेलं?"

...

हिलम म्हटलं की कातकऱ्याची पोर, हे त्या गावात लहान मुलालाही कळतं. मग उंबऱ्याबाहेर उभं करूनच बोलतात. म्हणून तिचे सर म्हणाले होते, "आडनाव काढून टाक. लोक मोकळेपणानं बोलतील. नाहीतर आपल्याच माणसांबद्दल तूच विचारणार, ते खरं कोण मानेल?"

तिनं काढलं. आणि दारं उघडली. खुर्ची मिळाली, चहा मिळाला. एक बाई तर म्हणाल्या, "तुम्ही अगदी आमच्यातल्याच वाटता." तो चहा सुगंधानं जीभ भाजली तरी घाईघाईनं संपवला होता.

"सोमवारी अहवाल द्यायचा आहे, आजा," हे सगळं सांगून ती हळू आवाजात म्हणाली. "तो दिला की कॉलेजातल्या नोकरीसाठी सर माझं नाव सुचवणार आहेत. आता आडनाव लावून पुन्हा फिरायचं म्हणजे वर्ष जाईल. नोकरीही जाईल."

"कोणतं नाव सुचवणार?"

सुगंधा फॉर्मांचे कोपरे जुळवू लागली.

आजा उठला. त्यानं दोराचा वेढा ऐनाच्या झाडाला घातला, मोकळं टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं आपल्या कमरेला बांधलं.

"नवा दोर हाय. बघू, टिकतो का."

खडक दोन पुरुष उंच. आजा कडेवरून खालच्या कपारीवर सरकला आणि दिसेनासा झाला.

वाडीतल्या पोरीला याची रीत ठाऊक असते. उतरणाऱ्यानं खालून आपलं नाव सांगायचं, धरणाऱ्यानं वरून आपलं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. नावं सांगून झाल्याशिवाय कोणी दोरावर भार टाकत नाही.

"लहानू काळू मुकणे!" खालून आवाज आला.

"सुगंधा!"

दोर सैलच राहिला.

"आजा, मी सुगंधा! उतर ना!"

"त्या नावावर तुला चहा मिळंल गो," खालून आवाज आला. "मी काय उतरत नाय."

...

सुगंधानं गठ्ठ्याकडे पाहिलं. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला. दोर पुन्हा दोन्ही हातांनी धरला. तळवे ओले झाले होते.

"सुगंधा रामा हिलम!"

समोरच्या डोंगरावरून 'हिलम' परत आलं.

दोर ताठ झाला.

"आता उतरतो," आजा म्हणाला.

सोमवारी ताई तोच गठ्ठा घेऊन सरांपुढे उभी राहिली. म्हणाली, सर, मी त्याच चारशे बारा दारांवर पुन्हा जाणार, या वेळी आडनाव लावून. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली तर मिळू दे. सरांनी चष्मा पुसला, आणि मग त्यांनी

मी एवढं लिहिलं, तोच अंगणातून लहानूआजाची हाक आली.

"कोण हाय गो आत? गप नको बसू... पुरं नाव सांग!"