जिभेखाली न उतरणारी विद्या

एका राज्यात मुलांना सारे काही येत असे आणि कशाचेच काही कळत नसे. घडले ते असे. राजा विक्रांतसेन भरसभेत म्हणाला, "जे मुखोद्गत नाही, ते ज्ञानच नव्हे." कालकेतू मांत्रिकाची सारी विद्या हातांची. तो संतापून उठला. "राजा, तुझ्या राज्यातील मुलांची विद्या जिभेखाली उतरणार नाही!"

तेव्हापासून मुले पोपटासारखी पाठ म्हणू लागली. राजकन्या कुवलया तर अग्नीची नावे घोकत घोकतच निखारा उचलायला गेली. तळहात पोळला.

तिच्या गुरू वेदवती मुलांना घेऊन मांत्रिकाच्या डोंगरावर गेल्या.

"मुलांनी तीन कामे केली, तर शाप सुटेल," कालकेतू म्हणाला. "तुम्ही उत्तर सांगितलेत, तर शिळा व्हाल."

"मान्य."

आधी पाणी न गळणारे मडके घडवायचे होते. मुलांनी मातीचे गुण म्हटले, मडके ढासळले. वेदवती मुकाट्याने माती मळू लागल्या. मुलांचे हातही चालू लागले. मडकी फुटत, त्या हसून नवा गोळा पुढे करीत. अखेर एका वेड्यावाकड्या मडक्यात पाणी थांबले.

मग वाटा बदलणाऱ्या अरण्यात झरा शोधायचा होता. मुले दिशांची नावे ओरडू लागली. वेदवतींनी जमिनीला कान लावला, तशी मुलेही गप्प झाली. कुणाला ओला वास आला, कुणाला झुळझुळ ऐकू आली. झरा सापडला.

शेवटी एका साळुंकीचे रडे थांबवायचे होते. मुलांनी सुभाषिते म्हटली.

"शब्द पुरेत," साळुंकी म्हणाली.

आता काय करावे, हे वेदवतींनाही ठाऊक नव्हते. त्या नुसत्या थांबल्या. कुवलया मात्र पुढे होऊन साळुंकीजवळ बसली. "तुला कुठे दुखते?"

"माझी पिले वादळात गेली."

कुवलयेला यावरचा पाठच येत नव्हता. तिचे डोळे भरून आले. तिने हात पुढे केला. साळुंकीने त्यावर मान टेकली आणि रडे थांबले. त्याच क्षणी मुलांच्या जिभेवर अडकलेली अक्षरे गार पाण्याच्या घोटासारखी छातीत उतरली. कालकेतूने मान लववली.

राजा वेशीवर उभा होता. "काय शिकलीस, बाळ? म्हणून दाखव."

कुवलयेने त्याचे खोल गेलेले डोळे आणि सुकलेले ओठ पाहिले.

"आबा, आम्ही गेल्यापासून तुम्ही जेवला नाहीत."

राजा वेशीच्या पायरीवरच बसला. कुवलयेने दूधभात मागवला आणि साऱ्या प्रजेदेखत राजाला पहिला घास भरवला.