सोजरबाईचं कार्ड

“मग माझ्या पुस्तकात नेमकं कमी काय आहे, बाबा?”

धोंडगीरबाबांनी चष्मा काढून पुसला. चारशे पानांचं बाड त्यांच्या मांडीशी होतं, आणि त्यांनी ते अक्षरन् अक्षर वाचलं होतं.

चिंतामण खरवंडीकर सकाळपासून मठाच्या ओसरीवर बसून होता. बाबा ‘बरं आहे’ म्हणाले तर पुस्तक छापायचं, नाहीतर लेखणीला कायमचा रामराम, असं घरी सांगून आला होता. मनातून मात्र त्याला ‘बरं’ नव्हे, ‘वा’ ऐकायचं होतं.

“बाबा…”

“आज बाजार. पत्रं लिहायचा दिवस.” बाबांनी एक कोरं पोस्टकार्ड त्याच्यापुढे सरकवलं. “माझा हात दुखतोय. तू लिही.”

बाजारच्या दिवशी आसपासच्या गावांतल्या बायका सासरच्या लेकींना पत्रं लिहून घ्यायला मठात येत. त्यातली सोजरबाई पुढे झाली.

“लिवा. कौशे, आपली म्हस याली. रेडी झाली. तुझ्या वाटचा खरवस शेजारच्या गंगीला दिला. बोटं चाटत गेली भवानी.”

एवढ्याशा मजकुराला कसलेली लेखणी कशाला हवी, असं चिंतामणला वाटलं. पण हाती घेतलंच आहे तर त्याचं सोनं करावं. त्याने मन लावून लिहिलं आणि घसा साफ करून वाचलं.

“प्रिय कन्ये, आपल्या अंगणी वात्सल्याची मंगल पहाट उगवली असून, मातृत्वाच्या अमृतधारांनी अवघा परिसर न्हाऊन निघाला आहे…”

सोजरबाईने पदर सारखा करून आदराने ऐकलं. मग हळूच विचारलं,

“लई ग्वाड लिवलं, दादा. पर आमची म्हस कुठं गेली?”

ओसरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाबा तर पोट धरून हसले. चिंतामणचे कान तापले. त्याला राग आला, बाईचा, बाबांचा… आणि मग काय झालं कोणास ठाऊक, त्यालाही हसू फुटलं. आवरेचना.

त्याने दुसरं कार्ड घेतलं. ती बोलली होती तस्संच लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘भवानी’पाशी सोजरबाई खुदकन हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

“आता माझी कौशी हसंल बगा.”

कार्ड तिच्या हातात देता देता चिंतामण थांबला.

“मावशी, रेडी कुणावर गेलीय? आईवर?”

“न्हाई वो. कपाळाला ह्यो एवढा चांद. आन् खोडील तरी किती, दावं चघळत बसती.”

“दावं? मग…?”

तो आणखी पुढे सरकून बसला. बाड कुठे पडलंय, निकाल काय लागला, याची त्याला शुद्धच राहिली नाही. मोठ्या मजेत होता गडी.

बाबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली,

“पार्वताबाई, चहा टाका. लेखक आलेत.”