मांड्याचा जुळा भाऊ

आमच्या राजाला कार्बन मोजायचं याड लागलं. सगळ्या देशांत आपलाच देश कमी धुराचा ठरला पाहिजे म्हणे! नियम त्यानंच केला. धूर ज्याच्या चुलीतून निघेल, त्याच्या नावावर. महालात चूलच नव्हती, म्हणून महालाचा धूर शून्य! आणि सगळ्यात जास्त कुणाचा? माझ्या सरजामावशीचा. ती खापरावर मांडे भाजायची. ते मांडे खायचं कोण? तर राजाच!

राजानं हुकूम सोडला, "उद्या सरजाची चूल फोडा. शाश्वत विकास झाला पाहिजे!"

मावशी रडायलाच लागली. तिचं पोटच त्या चुलीवर.

मी म्हणलं, "मावशे, गप. आजचे मांडे मी पोचवते."

महालात पंगत बसलेली, शेजारचे राजे पाहुणे आलेले. मी राजापुढं झाकलेलं पातेलं ठेवलं. आत पेटती शेणी, म्हणजे गोवरी होती. राजानं हावरटासारखं झाकण काढलं, तर भसकन धूर! खोकून खोकून मुकुट नाकावर आला.

"कारटे, मांडे कुठंयत?"

"महाराज, मांडा आणि धूर जुळे भाऊ. एकाच चुलीत जन्मले. तुम्ही रोज एकालाच घरी आणता, दुसरा आमच्या दारात टाकता. आज म्हणलं, दुसऱ्यालाही भेटवावं!"

पाहुणे पोट धरून हसले. राजाला तिथंच नियम फिरवावा लागला. जो खाईल, धूर त्याचा.

मावशीची चूल वाचली. राजा मात्र आता दुसरा मांडा उचलायच्या आधी गुपचूप आभाळातल्या धुराकडं बघतो.