जेवणाऱ्याची पत्रावळ

“मग आता चूक उरलीय तरी कुठे, सांगा ना बाई?”

ओजसने हे विचारलं तेव्हा मठात दुपारची पंगत बसत होती आणि मुजुमदार बाईंचं लक्ष भाताच्या परातीकडे होतं.

बाईंनी आयुष्यभर कर्नल लिहिला आणि शिकवला. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. मेमरीतली जागा कुणाला द्यायची, कुणाकडून परत घ्यायची, हे तो बघतो. निवृत्त झाल्यावर बाई मठाची कोठी बघू लागल्या. स्वभाव काही निवृत्त झाला नाही.

ओजसचा कोड हॉस्पिटलातल्या मॉनिटरांत चालतो. गेल्या आठवड्यात अतिदक्षता विभागात एक मॉनिटर मधेच गोठला. पडद्यावरची रेघ होती तिथेच थांबली. नर्स जवळ होती म्हणून निभावलं. ओजसने केलेली दुरुस्ती आज संध्याकाळी सगळ्या मॉनिटरांत जायची होती. पण त्याचे साहेब बाईंचेच जुने विद्यार्थी, आणि बाई ‘हो’ म्हणेपर्यंत ते ती पाठवायला तयार नव्हते.

पोरगा हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“काय केलंयस ते सांग,” बाई म्हणाल्या.

“जुनी नोंद आधी यादीतून काढतो. मग तिची जागा मोकळी करतो.”

“आधी आणि मग, हे कुणाच्या लेखी? एका वेळी चार प्रोसेसर काम करतायत. तू लिहिलेला क्रम दुसऱ्याला तसाच दिसेल कशावरून?”

ओजस हसला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता.

“मधे बॅरिअर घातलाय, क्रम उलटू न देणारा अडसर. जागा मोकळी झालेली ज्याला दिसेल, त्याला नोंद निघालेली आधी दिसणारच. क्रम एकदम पक्का.”

“क्रम बरोबर आहे.”

“मग पाठवू?”

“आधी जेवून घे.”

ओजस पंगतीत बसला. भात, आमटी, भोपळ्याची भाजी. दोन घास पोटात गेले असतील नसतील, बाई उठल्या. दाराला ‘प्रसाद सुरू आहे’ अशी पाटी होती. ती त्यांनी उलटी केली. आता ‘प्रसाद संपला’ असं सगळ्यांना दिसत होतं.

मग त्या सरळ ओजसपाशी आल्या आणि त्याच्या पुढची पत्रावळ त्यांनी उचलली.

ओजसचा हात फरशीवर आपटला. पंगत बघतच राहिली. जेवत्या माणसाचं ताट ओढायचं, तेही मठात...

“बाई! जेवतोय मी!”

“पाटी आधी उलटी केली. पत्रावळ नंतर उचलली. क्रम चुकला का?”

“पण पाटी उलटायच्या आधीच मी आत येऊन बसलो होतो!”

बाईंनी पत्रावळ तशीच हातात धरून ठेवली.

ओजसच्या बोटांवरचा भात वाळत चालला. आपण काय बोलून बसलो ते त्याला हळूहळू उमगलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

“एखादा प्रोसेसर ती नोंद आधीपासूनच वाचत असेल...” तो म्हणाला. “आणि मी त्याच्या हाताखालची जागाच काढून घेतो. मॉनिटर पुन्हा गोठेल.”

त्याने डाव्या हाताने फोन काढून साहेबांना लावला. “सर, आज पाठवू नका. माझं चुकलंय.” पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. ओजसने ते सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं.

बाईंनी पत्रावळ पुन्हा त्याच्यापुढे ठेवली आणि भातावर तूप वाढलं.

ओजसचं जेवण झालं. एव्हाना बाकीच्यांचंही आटोपलं होतं, पण पंगत उठली नव्हती. माणसं उष्ट्या हातांनी गप्पा मारत बसली होती. वाढपी बादली घेऊन भिंतीला टेकला होता.

“बाई, आधीपासून वाचणाऱ्यांचं होईपर्यंत जागा मोकळी करायची नाही, हे कळलं. पण थांबायचं किती?”

बाईंनी हनुवटीने पंगतीच्या टोकाकडे खूण केली. तिथे एक आजोबा जेवत होते. तोंडात दात नव्हता. ताकभात सावकाश चालला होता.

ओजसने थोडा वेळ वाट बघितली. मग त्याला राहवेना.

“अजून किती वेळ लागेल, विचारून येऊ का त्यांना?”

“नको,” बाई म्हणाल्या. “विचारलंस तर ते घाई करतील.”