शनिवारची मडकी

फार पूर्वी, जिथं अर्धं वर्ष बर्फ हटत नाही अशा मुलखात, एका बादशहाच्या राज्याच्या काठावर यहुदी लोकांची एक वस्ती होती. बादशहाचे हुकूम कडक होते. यहुद्यांनी वस्तीबाहेर घर करायचं नाही, जमीन घ्यायची नाही, परवान्याशिवाय शहरात पाऊल टाकायचं नाही. आणि त्यांच्या पोरांना पलटणीत नेलं की पंचवीस वर्षं घराचं तोंड दिसायचं नाही.

तरीही लोक राहत होते. कपडे शिवत, जोडे सांधत, लेकरं वाढवत, आणि आठवडाभर शनिवारची वाट बघत. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत प्रत्येक घरची बाई जव, घेवडा, असेल तर मांस मडक्यात घालून वस्तीच्या भट्टीवर आणून द्यायची. मडकी आत गेली की भट्टीचं तोंड चिखलानं लिंपायचं. शनिवारी दुपारी ते फोडायचं आणि ज्याचं त्याला गरम जेवण द्यायचं.

हे काम एक म्हातारी करायची. सगळे तिला मावशी म्हणत. तिची एकुलती एक लेक शहरात दिली होती. जावई बादशहाच्या कारखान्यात लोहार, म्हणून त्यांना तिथं राहायची मुभा होती. लेकीला दिवस भरत आले होते आणि मावशीला परवाना मिळत नव्हता.

एका शुक्रवारी मावशी भट्टीला शेवटचा हात फिरवत होती, तेवढ्यात फौजदार आला.

"म्हातारे, पलटणीतून एक पोरगा पळालाय. तुमच्याच वस्तीत आहे. घरांची झडती घेऊन झाली, सापडत नाही."

"मग नसेल, साहेब."

"पोरगा लपतो, त्याची भूक लपत नाही. उद्या तू मडकी वाटशील तेव्हा मी इथं उभा राहीन. कुठल्या घरात किती तोंडं, मला ठाऊक आहे. एखाद्या घरी जास्तीचं जेवण जात असलं तर नुसती मान हलव." त्यानं खिशातून कागद काढला. "हा तुझा परवाना. संध्याकाळच्या गाडीनं लेकीकडे जा."

मोच्याच्या घरी नवरा-बायको दोघंच, आणि त्यांचं मडकं दोन शुक्रवारांपासून दुप्पट झालं होतं, हे मावशीला माहीत होतं. आजही ते आत गेलं होतं. गल्लीत शिपाई बसले होते, कुणाला सांगायला जाण्याची सोय नव्हती. लिंपलेली भट्टी उघडायची रीत नव्हती. रात्रभर तिला लेक दिसत राहिली.

शनिवारी दुपारी भट्टीचं तोंड फोडलं. बायका रांगेनं उभ्या राहिल्या. फौजदार भिंतीला टेकून बघत होता.

मोच्याची बायको पुढं आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मावशीनं लाकडी फावडं आत घातलं आणि एक लहानसं मडकं काढून तिच्या हातात दिलं.

ते मडकं खाटकाच्या बायकोचं होतं. लहान, पण मांसानं गच्च भरलेलं. त्याचा एक कान तुटका होता. आणि खाटकाची बायको म्हणजे अशी, की हाड कमी पडलं तरी साऱ्या वस्तीला ऐकू जावं!

मागून तीच आली. मावशीनं तिला मोच्याचं मोठं मडकं दिलं, त्यात नुसतं पातळ जव.

तिनं मडक्याचे कान बघितले. दोन्ही धड. मग पुढं चाललेल्या मोच्याच्या बायकोच्या हातातल्या मडक्याचा तुटका कान बघितला. तिनं तोंड उघडलं.

"काय गं?" फौजदार पुढं सरकला. "तुझंच ना हे?"

तिनं मावशीकडे पाहिलं. मावशीची नजर जमिनीला होती.

"माझं नाही तर काय तुमचं?" ती कडाडली. "सहा जण खाणारे आहेत घरात. आणि ही म्हातारी दर शब्बाथला करपवून ठेवते. साहेब, तुम्ही तरी सांगा हिला!"

रांगेत कुणीतरी हसलं. फौजदार मागं सरला. बाकीची मडकी ज्याच्या त्याच्या घरी गेली.

"तुझी मान हलली नाही, म्हातारे," तो म्हणाला.

"म्हातारी मान, साहेब. आखडलीय."

त्यानं परवाना टरकावला आणि तुकडे भट्टीच्या राखेत टाकले.

त्या दिवशी खाटकाची लेकरं जवाचं पाणी प्याली आणि कुरकुर केली म्हणून त्यांनी आईचे धपाटे खाल्ले. मोच्याच्या तळघरात एका पोरानं पोटभर मांस खाल्लं. शिपाई उठून गेल्यावर तो नदीपार झाला.

पुढच्या शुक्रवारी खाटकाची बायको सगळ्यांच्या आधी भट्टीवर आली.

"मावशी, लेकीचं काही कळलं?"

"मुलगी झाली. मीठवाला सांगून गेला. शेजारची कोणी बाई बसली होती म्हणे जवळ."

"कोण?"

"नाव नाही कळलं."

खाटकाच्या बायकोला एरवी शब्द कमी पडत नसत. ती खाली बसली, बाह्या वर सारल्या, आणि मावशीबरोबर चिखल कालवू लागली.

तात्पर्य: एका जिवाला वाचवायचं तर कुणाला घास सोडावा लागतो, कुणाला लेकीची भेट; ज्यानं सोडलं, त्याच्याजवळ घटकाभर जाऊन बसावं.