वैद्यबुवांचा मानाचा पाहुणा

एका गावात एक वैद्यबुवा होते, आणि ही गोष्ट शपथेवर खरी. मी डोळ्यांनी पाहिली आहे. तसा तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण शपथ ती शपथ.

डोंगरापलीकडच्या राज्यात लढाई पेटली. घरंदारं जळालेली माणसं गावात आसऱ्याला आली. गावानं ती घराघरांत वाटून घेतली. वैद्यबुवांकडे एक विणकर नि त्याची बायको आली. शेजारच्या कुंभारणीकडे एक मेंढपाळ.

वैद्यबुवांनी विणकराला चौरंगावर बसवलं, चांदीच्या ताटात वाढलं. दाराशी रोगी आला की नाडी राहायची बाजूला, आधी पाहुणा दाखवायचे. लोक म्हणायचे, "धन्य आहात, बुवा!"

"कोपऱ्यात माग मांडू का?" विणकर विचारी. "निदान बाजारात तरी जाऊन येतो."

"छे छे! पाहुण्यांनी राबायचं? लोक मला काय म्हणतील? बसा हो, पाहुणे."

शेजारी मात्र रोज कल्ला.

"मेल्या, चिखल तुडवतोस की नाचतोस?" कुंभारीण खेकसे.

"तुझ्यापेक्षा माझ्या मेंढ्या बऱ्या, मावशे! निदान गप्प चरायच्या," मेंढपाळ ऐकवी. सगळी आळी हसे. वैद्यबुवा कानांवर हात ठेवत.

वर्ष सरलं. गावानं ठरवलं, एक तरी गावकरी ज्याची ओळख देईल त्याला घरापुरती जागा; बाकीच्यांनी पुढचा रस्ता धरावा.

मेंढपाळासाठी अर्धी आळी उठली. "माझं मडकं फोडलंय यानं!" "माझ्याशी आठ दिवस अबोला धरलाय!" पंचांनी हसत जागा दिली.

मग विणकर उभा राहिला. त्याच्यासाठी कुणी उठेना. कुंभारीण वैद्यबुवांकडे पाहून पुटपुटली, "भला असेल हो, पण तुम्ही आम्हाला कधी भेटू दिलंत?"

वैद्यबुवा ऐटीत उठले. "मी ओळखतो की! वर्षभर माझ्याच घरी आहेत."

"नाव काय यांचं?" पंचांनी विचारलं.

वैद्यबुवांना नाव आठवेना. विणकरानं पहिल्याच दिवशी नाव सांगितलं होतं. पुढं वर्षभर 'पाहुणे' एवढ्यावर भागलं. विणकराची बायको त्यांच्याकडेच पाहत होती. बुवांची मान खाली गेली, ती वर येईना.

पंचांनी नकार दिला. विणकरानं गाठोडं उचललं, वाकून नमस्कार केला. "फार केलंत, बुवा," म्हणाला आणि चालू लागला.

वैद्यबुवा वेशीपर्यंत धावले, नावानं हाक मारून त्यांनी दोघांना परत आणलं.

तात्पर्य: आसरा दिलेल्या माणसाला कामात आणि भांडणात घेतलं नाही, तर घरात राहूनही तो दाराबाहेरच राहतो.

आता कबुली देतो. शेवटची हाक मी रचली. बुवा धावले, ते खरं. पण हाक मारायला नाव कुठं होतं?